दिव्यामागे लूमचा आवाज नव्हता

सही मी केली ती भिवंडीत, कोर्टाबाहेर ताडपत्री बांधून बसणाऱ्या वकिलाकडे. मुलगा बोट ठेवून म्हणाला, "बाबा, इथं करा. आणि इथं." मी केली. चौथी शिकलेल्या माणसाला सही येते. सहीच्या वरचं सगळं वाचायचं तर त्याला अर्धा दिवस लागतो, आणि माझ्या मागे चार माणसं ताटकळत होती. वकिलाने शिक्का हाणला. मुखत्यारपत्र झालं. म्हणजे घराच्या बाबतीत माझ्या वतीने माझा मुलगा काय ते करू शकतो. चार दिवसांनी मी त्याच्याबरोबर कॅनडाच्या विमानात बसलो, तेव्हा पट्टा बांधता बांधता मनात आलं, आपण नक्की कशावर सही केली?

तिथं जी शंका धरली ती अडीच महिने सुटली नाही. ते अडीच महिने मी जगातल्या एका सुंदर जागी काढले असं सगळे म्हणतात. फोटो बघितले की मलाही तसंच वाटतं.

आमच्याकडचं माहीत नसेल त्याला मी वेडा वाटेन. भिवंडीच्या चहूबाजूंना जिथं भात व्हायचा तिथं आता गोदामं आहेत. आमच्या आळीतला एक म्हातारा गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम कुंडावर गेला. आठ दिवस राहिला. परत आला तर त्याच्या वाडीभोवती पत्रे ठोकलेले. पुतण्याने आधीच सही घेऊन ठेवली होती. अकलोली इथून किती लांब? सकाळी गेलेला माणूस जेवायला घरी येतो. मला तर समुद्रापलीकडे नेत होते.

माझं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन, आणि मागची भिंत कापड विणणाऱ्या लूमच्या शेडला चिकटलेली. त्या शेडमध्ये चाळीस वर्षं मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की हातात पाना घेऊन धावणारा. चोवीस लूम एकदम चालतात तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्यातला कुठला लूम कुरकुरतोय ते मला दारातून कळायचं. धोटा नीट पळत नसेल तर खटखट वेगळी येते. लोकं डोळ्यांनी बघून बिघाड शोधतात, मी कानांनी शोधायचो. याच्यापलीकडे मला दुसरं काही येत नाही.

बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस त्या आवाजाने झोपली नाही. मग उलटं झालं. लाइट गेली, लूम थांबले की ती ताडकन उठून बसायची. "काय झालं हो?" काही झालेलं नसायचं. फक्त आवाज बंद झालेला असायचा. आमच्या घरात गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं.

ती दिवाळीनंतर गेली. पोटाचं दुखणं होतं. तिने सांगितलं नाही आणि मला कळलं नाही. लूमचं दुखणं कळणाऱ्या माणसाला बायकोचं कळलं नाही, यावर मी जास्त लिहिणार नाही.

एक मात्र सांगतो. शंका मला पहिल्यापासून येतात. कोणी गोड बोललं की येते, कोणी गप्प राहिलं तरी येते. पण ती होती तोवर मी शंका तिला सांगायचो आणि ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "गप बसा, डोकं फिरलंय तुमचं." तेवढ्यावर शंका मरायची. आता मारणारं कोणी नाही. एक शंका येते, ती दुसरीला बोलावते.

आमच्या घराची रीत अशी की माणूस गेलं की वर्षभर घराला कुलूप घालायचं नाही. आणि ते माणूस जिथं जास्त बसायचं तिथं रोज दिवेलागणीला दिवा लावायचा. तिची जागा स्वयंपाकघरात, मागच्या भिंतीच्या कोनाड्याखाली. मी जायला तयारच नव्हतो ते याच्यासाठी. पण धाकट्या भावाची बायको शेजारीच राहते. ती म्हणाली, "दादा, मी हाय ना. मी झोपायला जाईन तिथं. दिवा लावीन न् रोज तुम्हाला फोनवर दाखवीन. जावा तुम्ही, पोरगा एवढा बोलवतोय." तेव्हा मी हो म्हटलं. म्हणजे घर उघडं ठेवायचं वचन बायकोला, दिवा भावजयीकडे, आणि सही मुलाकडे. असा मी निघालो.

मुलाने शहरातल्या फ्लॅटमध्ये न ठेवता आम्हाला सगळ्यांना डोंगरात नेलं. तो, सून, दहा वर्षांची नात आणि मी. म्हणाला, फ्लॅटमध्ये तुम्ही कोंडून जाल, उन्हाळाभर तळ्याकाठी लाकडाचं घर घेतलंय, मी तिथूनच कॉम्प्युटरवर काम करणार. शेवटचा तासभर तर रस्ता खडीचाच होता. ना दुकान, ना माणूस. मी मोजत होतो, कुठलं वळण कुठं आलं ते. परत यायची वेळ आली तर वाट माहीत असावी म्हणून. सात वळणांनंतर विसरलो.

तळं म्हटलं की आम्हाला भिवंडीतलं वऱ्हाळदेवीचं तळं. हे तसलं नव्हतं. चारी बाजूंनी डोंगर, डोंगरावर जूनमध्ये बर्फ, आणि मधे पाणी एकदम निळं-हिरवं. सगळे गाडीतून उतरून "आहा" करत होते. असल्या रंगाचं पाणी मी जन्मात एकदाच बघितलं होतं, कापड रंगवायच्या डाईंगच्या कारखान्यामागच्या नाल्यात. मी सुनेला विचारलं, "वर कुठं डाईंग आहे का?"

ती हसली. नात म्हणाली, "आजोबा, वरचा बर्फ दगड दळतो, त्याचं पीठ पाण्यात येतं. म्हणून असा कलर."

"बर्फ दगड दळतो?"

"हो. शाळेत शिकवलंय."

मी त्या पाण्यात पाय घातला तो दहा दिवसांनी. असा थंड की हाडात सुई गेली.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही, दुसऱ्याही नाही. एवढा सन्नाटा मी कधी ऐकलेला नव्हता. साडेनऊपर्यंत उजेड, पाखरू हलत नाही, आणि मधेच तळ्यावर एक पक्षी बाईमाणसासारखा गळा काढायचा. मी उठून बसायचो. अशा ठिकाणी माणसाला दोनच कारणांसाठी आणतात असं मला वाटायचं. एक तर आराम द्यायला, नाहीतर तिकडे काय चाललंय ते त्याला कळू नये म्हणून.

मग मी एकेक गोष्ट ध्यानात ठेवायला लागलो.

पहिली म्हणजे माझा पासपोर्ट. विमानतळावर मुलाने घेतला तो परत दिलाच नाही. "माझ्याकडे नीट राहील, बाबा."

दुसरी, त्याचं हे "तुम्ही". आमच्यात पोरं बापाला अरे-तुरेच करतात, त्यात अपमान नसतो. तोही करायचा. "बाबा, तू कवा येशील?" असं ओरडत शेडच्या दारात यायचा. आता "तुम्ही बसा, तुम्ही घ्या." म्हणे सुनेमुळे सवय लागली. सून भिवंडी शहरातल्या मास्तरांची मुलगी, तिच्याकडे आई-बापाला अहो-जाहो. असेल. पण पोटचा पोरगा पाहुण्यासारखा बोलायला लागला की मला धास्ती वाटते.

तिसरी गोष्ट घरमालकीण. साठीची गोरी बाई, ट्रकएवढी गाडी स्वतः चालवत यायची. एक दिवस हातात वही आणि टेप घेऊन आली. माझी खोली मोजली, न्हाणीघर मोजलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुनेला काहीतरी विचारून वहीत लिहिलं. आमच्याकडे टेप घेऊन माणूस आला की समजायचं, जागा गेली. इथं जागा तिचीच होती, मग मोजत काय होती? मी ठरवलं, बाई वृद्धाश्रमाची आहे. मला किती जागा लागेल ते बघून गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. सून दोनदा बोलवायला आली, मी भिंतीकडे तोंड करून पडलो.

दोन दिवसांनी ती बाई न्हाणीघरात स्टीलची दांडी बसवून गेली, धरून उठायला. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही पडाल अशी मम्माला भीती वाटते ना, म्हणून." मी दांडी हलवून बघितली. पक्की होती. पण मनातली शंका गेली नाही, ती फक्त सरकून बसली. दांडी पक्की बसवतात म्हणजे मला इथं किती दिवस ठेवायचा विचार आहे?

रोज सकाळी मुलगा फोन घेऊन पाण्यातल्या लाकडी धक्क्यावर जायचा. ही चौथी गोष्ट. घरात फोन नीट लागतो, मग धक्क्यावर कशाला? एकदा मी मागून गेलो. लाकूड वाजू नये म्हणून चपला काढून. तो पाठमोरा होता, मराठीत बोलत होता. "त्यांना कळू देऊ नका. तिकडे आल्यावर मी बघतो." फोन ठेवला, वळला, मी मागे उभा. अनवाणी.

"बाबा! कधी आलात?"

"आताच."

"चपला कुठायत तुमच्या?"

"त्यांना कळू देऊ नका," मी म्हटलं. तो हसला नाही. "ऑफिसचं होतं," म्हणाला. ऑफिसचं मराठीत?

आणि जुलैच्या शेवटी जेवताना त्याने सांगितलं, परतीचं तिकीट पुढे ढकललंय, तीन आठवडे. "तुम्हाला इथं बरं वाटतंय ना, म्हणून."

"मला कोणी विचारलं?"

"बाबा, तिकडे पाऊस आहे, चिखल आहे. काय घाई आहे?"

मी ताटातला भात चिवडत बसलो. सून त्याच्याकडे बघत होती. तिला हे आधी माहीत नव्हतं असं तिच्या तोंडावरून वाटलं, पण तेव्हा मी तिच्यावरही विश्वास ठेवत नव्हतो. मला वाटलं, नाटक चांगलं करते.

या सगळ्यात एक आधार होता, तो म्हणजे दिवा. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इकडे सकाळचे साडेसहा. मी चहा घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसायचो आणि भावजयीचा फोन यायचा, तोंड दिसणारा. ती फोन कोनाड्यासमोर धरायची. "हा बघा दादा, लावला." दिवा दिसायचा, मागची पोपटी भिंत दिसायची आणि त्या भिंतीपलीकडून लूमची खडखड यायची. मी मिनिटभर काही बोलायचो नाही. मुलाला वाटायचं दिव्याला हात जोडतोय. मी आवाज ऐकायचो. समोर निळं तळं, हातात चहा आणि कानात माझं घर. तेवढं एक मिनिट मी कोणाचा संशय धरायचो नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी दिवा दिसला आणि आवाज आला नाही.

मला वाटलं तिकडे शुक्रवार असेल, शुक्रवारी लूम बंद असतात. नातीला वार विचारला. मंगळवार. मग वाटलं, लाइट गेली असेल. पण दिव्याच्या वर बल्ब जळत होता.

"लूम का बंद?" मी विचारलं.

भावजय वात सारत म्हणाली, "सुट्टी हाय आज."

"कसली?"

"कोणीतरी मयत झालंय वाटतं मालकाच्यात."

दुसऱ्या दिवशीही गप्प. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, लाइटचं काम चाललंय. बल्ब जळतच होता. चौथ्या दिवशी मी विचारलंच नाही, नुसतं बघितलं. भिंत पोपटी. कोनाडा तसाच. पण पोपटी रंग काय कोणी कुठंही लावील. भावजयीचं घरही मीच रंगवून दिलं होतं, उरलेल्या रंगाने. तिच्याकडेही कोनाडा आहे, पुढच्या भिंतीला, शेडपासून लांब.

मग मला सगळं जुळलं. सही. पासपोर्ट. धक्क्यावरचा फोन. पुढे ढकललेलं तिकीट. माझं घर राहिलं नाही, भावजय स्वतःच्या घरात दिवा लावून मला दाखवते. माणसं खोटं बोलतात, आवाज बोलत नाही. चाळीस वर्षं मी यावर पोट भरलं.

शनिवार होता, सगळे ओट्यावर नाश्त्याला बसले होते. सुनेने कांदेपोहे केले होते, तिकडच्या जाड पोह्यांचे. मी बशी बाजूला सारली.

"माझा पासपोर्ट दे."

मुलगा म्हणाला, "काय झालं?"

"पासपोर्ट दे आणि तो कागद दे. घर विकलंस ते मला तोंडावर सांग. मी बापासारखा बोलतोय तर पोरासारखा बोल."

"कोणी विकलं घर?"

"तू. सही घेतलीस, इथं जंगलात आणून टाकलंस. दिवा काकीच्या घरात लावतात आणि मला सिनेमा दाखवतात. लूमचा आवाज कुठाय?"

"बाबा, फोन मागचा आवाज कापतो हल्ली..."

"दोन महिने नाही कापला तो!"

तो उठला, खुर्ची मागे पडली. "तुला मी चोर वाटतो? सांग ना. आईला जाऊन वर्ष नाही झालं आणि मी तिचं घर विकीन? असा वाटतो मी तुला?"

अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो मला तू म्हणाला. राग होता, पण पोरगा माझाच होता हे तेव्हा पटलं. तरी मी माघार घेतली नाही.

"मग लाव काकीला फोन. आणि तिला सांग, मी सांगतो तसं फिर."

त्याने लावला. भावजय स्वयंपाक करत होती. मी म्हटलं, "घरातून निघ. माझ्या घरात जा. बाजूच्या दाराने बाहेर जा. फोन बंद करायचा नाही."

"दादा, कशाला आता..."

"चल."

ती चालायला लागली. फोनमध्ये तिच्या चपला, चिखल, मग माझी पायरी. फुटकी पायरी, माझीच. मग दार. मग बायकोची पाटा-वरवंट्याची जागा, मग कोनाडा, त्यात दिवा जळत होता. घर उभं होतं. मग तिने बाजूचं दार उघडलं आणि फोन शेडकडे धरला.

शेडचं दार सताड उघडं, दारावरचा बल्ब जळत होता. आत एकही लूम नव्हता. नुसती जमीन, त्यावर तेलाचे काळे चौकोन, एकेका लूमचे. बोल्ट उपटलेली भोकं. एका कोपऱ्यात कोणाची तरी बकरी बांधलेली. मी चौकोन मोजले नाहीत, मला कुठला कोणाचा ते माहीत होतं. दारापासचा चौथा सगळ्यात काळा होता. तो लूम कायम तेल गाळायचा, मी कितीदा वायसर बदललं असेल.

"भंगारात गेले, दादा," भावजय रडत होती. "जूनपासूनच मालकाचं विकायचं चाललं होतं, मग एका दिवसात ट्रक आणून उचलले. तुमच्या पोराने सांगितलं, सांगू नको म्हणून. आधीच जाऊबाई गेली, त्यात हे कळलं तर दादा खचतील. मी काय करू? मला काय खोटं बोलता येतं होय?"

"न्हाय येत," मी म्हटलं. "मयत न्हाय सांगायचं. मालकाच्यात लग्न सांगायचं, ते आठ दिवस चालतं."

ती रडता रडता हसली. मुलगा धक्क्याकडे तोंड करून उभा होता. धक्क्यावर तो रोज काकीशीच बोलायचा, हे न सांगता कळलं. आवाज खोटा नव्हता. आवाज बरोबर बंद झाला होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. लूम बंद म्हणजे कोणीतरी फसवतंय, एवढंच डोक्यात आलं. लूमच राहिले नसतील हे डोक्यात आलंच नाही. तसं कधी होईल असं आमच्यातल्या कोणाला वाटत नाही.

तिथं संपायला हवं होतं. पण मी हट्टी. म्हटलं, "आणि कागद?"

मुलगा म्हणाला, "मीटर आईच्या नावावर आहे. घरपट्टीत तिचं नाव आहे. ती नावं बदलायला तुला दहा वेळा ऑफिसात जावं लागलं असतं. म्हणून घेतला कागद. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

सून आत गेली आणि कॉम्प्युटर घेऊन आली. कागदाचा फोटो मुलाने त्यात ठेवला होता. ती म्हणाली, "मी वाचते. सगळं वाचते." मास्तरांची मुलगी. एकेक शब्द, थांबून. नाव, गाव, मिळकतीचं वर्णन, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला शेड. वीज मंडळात अर्ज करण्याचा अधिकार. घरपट्टीला नाव लावण्याचा अधिकार. मुलगा माझ्याकडे बघून मान हलवत होता, बघ, बघ. मग तिचा आवाज हळू झाला. "सदर मिळकत भाड्याने देण्याचा, गहाण ठेवण्याचा, विकण्याचा व त्यापोटी सह्या करण्याचा अधिकार."

पोह्यांवर माशी बसली होती, नातीने ती उडवली.

"ते छापीलच असतं," मुलगा म्हणाला. "वकिलाकडे एकच नमुना असतो."

"तुम्ही वाचलं होतं?" सुनेने विचारलं.

त्याने पडलेली खुर्ची उचलली.

"वाचलं होतं का?"

"नाही."

इंजिनियर झालेला माझा मुलगा. मी चौथी शिकलेला, मी वाचलं नाही. त्याने इतकी बुकं वाचली, त्यानेही वाचलं नाही. मागे चार माणसं ताटकळत होती म्हणून आम्ही दोघांनी मिळून घर कागदावर उघडं टाकलं होतं.

सून माझ्याकडे वळली. "बाबा, गेल्यावर पहिलं काम हे. रद्द करा. यांच्यावर विश्वास असला तरी करा."

जिला मी अडीच महिने लबाड समजत होतो तिने हे सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना. मी बशी परत ओढली आणि पोहे खाल्ले. गार झाले होते. मीठ कमी होतं, तेही सांगितलं नाही.

दुपारी मुलगा धक्क्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. पाय पाण्यात सोडले. मीही सोडले. बराच वेळ तो निळ्या पाण्यात आपली बोटं बघत होता.

"एक खरं सांगू?" तो म्हणाला. "घर विकायचं माझ्या मनात नव्हतं. पण तुला परत पाठवायचं पण नव्हतं. वाटत होतं, तीन आठवडे वाढवू, मग अजून वाढवू. व्हिसा सहा महिन्यांचा आहे. तिकडे तू एकटा बोलत बसतोस. काकी सांगते. आईशी बोलतोस."

"बोलतो. मग?"

"मग काही नाही. मला ऐकवत नाही."

"तुला कोण ऐकवतंय? मी तिला सांगतो." मग मी म्हटलं, "विचारायचं होतंस. मी न्हाय म्हटलं असतं, पण विचारायचं होतंस."

"म्हणूनच नाही विचारलं."

मी पण त्याला कागदाचं अडीच महिने विचारलं नव्हतं. दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो, तो माझ्या तब्येतीवर, मी त्याच्या फोनवर. ती असती तर तिने दोघांनाही गप बसवलं असतं.

तिकीट जुन्या तारखेवर येईना, पण आठ दिवसांत मिळालं. निघताना घरमालकीण आली, माझा हात हातात घेऊन जोराने हलवला. मी नातीला म्हटलं, बाईला सांग, दांडी पक्की बसवली आहे. नातीने सांगितलं. बाई खूश झाली. तिला मी काय समजलो होतो ते नातीलाही सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय.

घरी आलो तर सगळं जागेवर होतं. भिंतीपलीकडून काही येत नाही. मी अजून मधेच उठून बसतो. पण शेडची मला आता भीती वाटत नाही, नुसतं वाईट वाटतं. तिथं काय होणार कोणाला माहीत नाही. टेप घेऊन दोन माणसं येऊन गेली. ती मात्र खरंच गोदामाची होती.

चौथ्या दिवशी मी कोर्टापाशी गेलो. तीच ताडपत्री, तोच वकील. मुलाने निघताना दिलेला जुना कागद मी पुढे ठेवून म्हटलं, रद्द करायचाय.

तो म्हणाला, "काय काका, पोराने काही केलं काय?"

"न्हाय."

"मग कशाला रद्द करता? पोरगं बाहेर असतं, उपयोगी पडतो असा कागद."

"वाचला न्हवता म्हणून."

"वाचतो कोण?" तो हसला. "काय लिहू कारण?"

"कारण लिहायलाच पाहिजे?"

"न्हाय तसं."

"मग नको लिहू."

या वेळी मी सही करायच्या आधी कागद हातात घेतला आणि वाचायला बसलो. बोट ठेवून. मागे माणसं होती, एक जण घड्याळ बघत होता, त्याला म्हटलं, बस बाबा, वेळ लागेल. वकिलाने चहा मागवला. अर्धा तास लागला. दोन शब्द समजले नाहीत ते त्याला विचारले. मग सही केली.

संध्याकाळी दिवा लावला आणि मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ. तो शहरात परत गेला होता, मागे गाड्यांचा आवाज होता.

"झालं का रद्द?"

"झालं."

"मग? आता बरं वाटतं का?"

वाटायला हवं होतं. सही परत माझ्याकडे आली होती, घर माझ्याकडे होतं, कुलूप नव्हतं, दिवा होता. पण कागद रद्द करून पोराला सांगितलं होतं ना, की तुझ्यावर माझा भरवसा नाही. वकिलासमोर, लेखी. त्याने काही केलेलं नसताना.

"न्हाय वाटत," मी म्हटलं.

त्याने तिकडे खिडकी लावली, गाड्यांचा आवाज कमी झाला. मग म्हणाला, "मीटरचं काय करायचं? बिल अजून आईच्याच नावाने येत असेल."

"येतंय."

"मग तू जाशील ऑफिसात?"

"तिचं नाव मी एकटा काढणार न्हाय," मी म्हटलं. "तू ये. दोघं जाऊ. तोवर येऊ दे तिच्या नावाने."

"डिसेंबरात येतो."

"ये. आणि काय काय कागद लागतात ते सुनेला विचारून ये. ती वाचते."